थंड लागता?

आक्का,

तुझी शोकसभा झाली. अशी सभा भरणार असं तुला कोणी आधी सांगितलं असतं, तर तू पदर तोंडाला लावून हसली असतीस आणि खुर्च्या कोणाकडून आणणार ते विचारलं असतंस. शाळेतून आणल्या. चोवीस खुर्च्या आणि साठेक माणसं. त्यावर अध्यक्ष म्हणाले, आज अर्ध्याहून अधिक गाव आक्कांसाठी उभं आहे. खुर्च्या कमी पडल्याचा इतका चांगला उपयोग मी आजवर पाहिला नव्हता.

तुझा फोटो नव्हता. टेबलावर काहीतरी हवं म्हणून गावच्या मंडळाच्या लोकांनी आपल्या कुंपणाच्या गडग्यावरची कोरफडीची एक कुंडी उचलून नेली आणि झेंडूचा हार तिलाच घातला. कुंडीला बुडाशी मोठं भोक आहे, हे त्यांना टेबलावरची चादर भिजल्यावर कळलं. भाषणांत कोरफड 'घृतकुमारी' झाली आणि तू 'आयुर्वेदाची मूक उपासक'. मूक हा शब्द ऐकून काजूच्या कारखान्यातल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. त्यांनी तुझ्या तोंडाचा मार कित्येक वर्षं खाल्ला होता.

मलाही उभं केलं. माझी बहीण चौदा वर्षं मागल्या दारात बसून लोकांना कोरफड लावत होती, एवढं म्हटलं आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, मास्तर गहिवरले. खरं असं होतं की पुढचं वाक्य तोंडात तयार होतं, आणि ते सभेत म्हणता येण्यासारखं नव्हतं. तुझ्या डाव्या पायाला स्पर्श कळत नव्हता, आणि हे मला तू गेल्यावर नवव्या दिवशी एका परक्या बाईकडून कळलं, असं ते वाक्य होतं.

मंडळ आता स्मरणिका काढणार आहे. तिच्यासाठी मी दोन पानं लिहून दिली. त्यांत कोरफड आहे, तुझा हातगुण आहे, देवीवरची भक्ती आहे. शुद्धलेखन निर्दोष आहे. हे दुसरं लिहिणं मात्र मी कोणाला देणार नाही. तुझ्या पत्र्याच्या पेटीत लुगड्यांखाली ठेवणार आहे. मला तुला एकच विचारायचं आहे. तू मला सांगितलं असतंस, तर मी तुझा पाय हातात घेतला असता का? उत्तर तुला ठाऊक होतं, असं तुझ्या वागण्यावरून दिसतं. मला अजून ठाऊक नाही.

भावोजींचं गलबत परत आलं नाही, त्यानंतर सहा महिन्यांनी तू देवबागहून माझ्याकडे आलीस. ही पेटी आणि पोत्यात गुंडाळलेलं कोरफडीचं एक रोप, एवढंच सामान. मी विचारलं, घरातली भांडीकुंडी सोडून हे काटेरी कशाला आणलंस? तू म्हणालीस, "भांडी इचारीत नाय, ह्येका पाणी घालूक होया." मला ते समजलं नाही. नंतर तुझं बरंच काही मला समजलं नाही, पण त्याची सुरुवात तिथे झाली.

त्या एका रोपाची पिलं होत होत गडगाभर कुंड्या झाल्या. कुंड्या म्हणजे फुटक्या घागरी, गळक्या बालद्या आणि माझी एक जुनी कंदिलाची टाकी. तू मागल्या दारी पाट टाकून बसायचीस. पान बुडाशी कापून करवंटीत उभं ठेवायचीस, पिवळा चीक पूर्ण गळेपर्यंत. त्या चिकाने अंगाला खाज सुटते म्हणून घाई करणाऱ्याला तू हाकलून द्यायचीस. मग आडाळ्याच्या पात्यावर दोन्ही काठांचे काटे काढून, साल सोलून, आतला काचेसारखा गर मडक्याच्या ओल्या अंगाला चिकटवून ठेवायचीस, गार राहावा म्हणून. आणि मग तुझा तो नेम. आलेल्या माणसाने तोंड समुद्राकडे करायचं. मागे बघायचं नाही. तू गराची चकती त्याच्या अंगाला लावायचीस आणि विचारायचीस, "थंड लागता?"

सगळ्यांना विचारायचीस. काजूच्या तेलाने बोटं सोललेल्या बायका, जाळी ओढताना मिठाने आणि दोरीने तळहात चिरलेले रापणकर, चुलीवर हात भाजलेल्या सुना. मामलेदार कचेरीतले एक कारकून घामोळं घेऊन आले होते, आठवतं? उंबऱ्यातून आत येताना 'कृपया', 'आपण', 'किंचित दाह होतो' असं चाललं होतं. चकती पाठीला लागली आणि त्यांच्या तोंडून "आवशीक खाव" असं निघालं. त्या दिवशी तू विचारलंसुद्धा नाहीस.

मी पडवीत पुस्तक घेऊन बसलेला असायचो आणि आतून टोमणे मारायचो. गार वस्तू गारच लागणार, त्यात विचारायचं काय? वैदूला काहीतरी मंत्र लागतो, तुझा हा मंत्र. आपलं भांडण मालवणीतून चालायचं. मला जिंकायचं असलं की मी पुस्तकी मराठीवर जायचो. मी तुला समजावून सांगितलं होतं की कातडी स्वतःच सात दिवसांत भरते, कोरफडीचा त्यात काही संबंध नाही. तू पान सोलता सोलता ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "बरां. पण ते सात दिस माणूस काय करतलो?"

तेव्हा मी विषय बदलला होता. आज कबूल करतो.

दर वर्षी चैत्र लागला की तू मलाही सदरा काढून पाटावर बसवायचीस. घामोळं येण्याआधीच लावलेलं बरं, असं तुझं म्हणणं. मी कुरकुरत बसायचो. तू पाठ, दंड, कोपर, पोटऱ्या, असं सगळीकडे चकती फिरवायचीस आणि प्रत्येक जागी विचारायचीस. मी म्हणायचो, लागता, लागता, लागता, आता पुरे. शेवटचं 'लागता' ऐकल्यावर तू माझ्या पाठीवर एक चापट मारायचीस आणि दिवसभर खुशीत असायचीस. त्या दिवशी हमखास घावणे असायचे आणि गुळाचा रस. मला वाटायचं, माझ्यासारख्या नास्तिकाला कोरफड लावल्याचा हा विजयोत्सव आहे.

आता कळतं ते घावणे कशाचे होते.

कळलं ते सुलूकडून. तिचं नाव सुलू नाही. पेटीतल्या कागदावरसुद्धा मी तिचं खरं नाव लिहिणार नाही, तुझ्याकडून एवढं तरी शिकलो. तू गेल्याचं पत्र तिला मुंबईत उशिरा मिळालं. पावसाआधीच्या शेवटच्या बोटींपैकी एकीने ती आली, मूल काखेला घेऊन. मागल्या दारी तुझ्या पाटाशी बसली आणि बराच वेळ कुंड्यांकडे बघत राहिली. मग तिने मला विचारलं, "मास्तरांनू, माझ्या लग्नामागसून आक्काचे पाय कोण बघीत होता?"

मी विचारलं, पाय म्हणजे?

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला समजलं की या घरातली एक गोष्ट मी सोडून दुसऱ्या कोणालातरी माहीत आहे. ती उठायला लागली. मी तिला बसवलं. मास्तर असल्याचा मी आयुष्यात एवढाच खरा उपयोग केला. सगळं सांगितल्याशिवाय परतीची बोट गाठता येणार नाही, असं म्हणालो.

सुलू सतरा वर्षांची असताना आई तिला घेऊन आपल्या दारात आली होती, ते मला आठवत होतं. काजूच्या कारखान्यात कामाला होती. खांद्यामागे रुपयाएवढा फिकट डाग होता. काजूचं तेल उडालं असणार, असं सगळे म्हणत होते. तू तिला समुद्राकडे तोंड करायला लावलंस. चकती लावलीस आणि विचारलंस. ती गप्प. तू पुन्हा विचारलंस. मी पडवीतून बघत होतो; पोरगी लाजते आहे, असं वाटलं. तू तिच्या आईला म्हणालीस की ह्याला नुसती कोरफड पुरणार नाही, देवीचा नवस करायला हवा. मी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देवीला जातेच, पोरीला माझ्यासोबत पाठव.

मी पुस्तक मिटून बाहेर आलो होतो. तुझ्यादेखत त्या बाईला सांगितलं की आजाराला देवीकडे नेण्यापेक्षा डॉक्टरकडे न्या. चांगलं पाच मिनिटं बोललो. तू मान खाली घालून आडाळं पुसत होतीस. शेवटी म्हणालीस, "मास्तराचा आयकू नुको गो. तेचो देवार इश्वास नाय." बाईने लगेच देवीचं नाव घेऊन हात जोडले.

आंबोलीच्या वाटेवर, देवळाच्या दोन थांबे अलीकडे, त्या मंगळवारी चिंचेखाली एक टेबल मांडलेलं असायचं, आक्का. एक डॉक्टर आणि एक खोकं. तो डाग बघायचा, पिसाने आणि टाचणीने तपासायचा आणि महिन्याच्या गोळ्या द्यायचा. रगतपितीच्या, महारोगाच्या. तुम्ही दोघी तिथे उतरायचात. वेळ उरला तर देवीपर्यंत जायचात, नाहीतर नारळ तसाच परत यायचा. एकदा मी तो न फोडलेला नारळ बघून विचारलं होतं, देवीने परत पाठवला काय? तू म्हणालीस, "होय. मास्तराक दी म्हणाली." मी ही गोष्ट शाळेत सगळ्यांना सांगितली. सगळे हसले.

आता मला दिसतं की तुझ्या नवसावर गावातल्या एकानेही कधी शंका घेतली नाही, ती माझ्यामुळे. मी ग्रंथालयात, न्हाव्याकडे, शाळेच्या खोलीत तुझ्या मंगळवारांची टिंगल करत होतो. देवीलाही एखादी सुट्टी द्यावी, असं म्हणत होतो. भाऊच इतका वैतागलेला, म्हणजे बाई खरोखरच देवभोळी, यात संशय कोणाला येणार? तुला पडदा हवा होता आणि मी तो फुकट पुरवला, वर त्याला विनोदाची झालर लावून. गाव सोड, मीही त्याच पडद्याच्या बाहेर बसलो होतो. सगळ्या गोष्टींना पुरावा मागणारा माणूस घरातल्या घरात एक नारळ बघून समाधानी झाला.

मी सुलूला म्हटलं, म्हणजे आक्का तुझ्यासाठी जायची. ती म्हणाली, "माझ्यासाठी? ती माझ्या आधी तीन वर्सां जाय होती."

तू देवबागेत असतानाच एकदा पायाला चटका बसला होता. तू कोरफड लावलीस आणि गार लागलं नाही. इतकी साधी गोष्ट. कोणत्या डॉक्टराने नाही, कोणत्या पुस्तकाने नाही, त्या रोपाने तुला सांगितलं. म्हणून ते पोत्यात गुंडाळून आणलंस. म्हणून सगळ्यांना विचारायचीस. सुलू म्हणाली, तू दोन-तीन वर्षांत बरी झालीस. डॉक्टराने कार्डावर तसं लिहून दिलं. रोग गेला, पण पायाचं कळणं परत यायचं नाही, असंही त्याने सांगितलं. तेव्हा रोज तळवे बघायचे, स्वतःला दिसत नाहीत म्हणून दुसऱ्या कोणाला दाखवायचे. बरी झाल्यावरही तू त्या मंगळवारी जात राहिलीस, कारण सोबतीला कोणी ना कोणी असायचं आणि तिथल्या बाकावर बसून सुलू तुझा पाय मांडीवर घ्यायची. सुलूचं लग्न होऊन दोन वर्षं झाली.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

सुलू मुलाला थोपटत राहिली. मग म्हणाली, "सांगणार होती तुमका. तसां ठरवल्यान होता. मगे तो अर्ज झालो."

अर्ज. मला वाटलं होतं, तू तो विसरलीस.

धाकू सुतार. आपल्या शाळेची बाकं त्याने केलेली. त्याची बोटं वाकायला लागली, पायाला चिंध्या आल्या, आणि एक दिवस गावाने ठरवलं की त्याने सार्वजनिक विहिरीवर येता कामा नये. त्यासाठी बोर्डाला अर्ज करायचा होता. अर्ज कोणी लिहायचा, यावर चर्चा झाली नाही. मी लिहिला. तू येऊन तेव्हा दीड-दोन वर्षं झाली असतील. मी गावातल्या लोकांसारखा पाप-पुण्य, शाप वगैरे काही लिहिलं नव्हतं. उलट ते गाळल्याचा मला अभिमान होता. मी 'संसर्ग' लिहिलं, 'सार्वजनिक आरोग्याच्या हितास्तव' लिहिलं, 'योग्य अंतरावर स्वतंत्र व्यवस्था' लिहिलं. एका जुन्या पुस्तकातून दोन वाक्यं घेतली होती. बोर्डाचं उत्तर यायच्या आधीच धाकू घराला कुलूप लावून निघून गेला. कुठे गेला ते कोणाला माहीत नाही. त्याने केलेल्या बाकांवर मुलं अजून बसतात.

त्या संध्याकाळी तू तांदूळ निवडत होतीस. विचारलंस, "तो अर्ज कोणी लिवल्यान?" मी म्हटलं, मी. तू सुपातले खडे बाजूला करत राहिलीस आणि म्हणालीस, "अक्षर तुझा बरा आसा."

मला ते कौतुक वाटलं, आक्का. शपथेवर सांगतो.

त्यानंतर तू माझ्यासमोर बसताना पाय लुगड्याखाली घेऊन बसायचीस. मी ते पाहिलं होतं. वय होतंय, बायका अशाच बसतात, असं मनात म्हटलं होतं.

आणखी एक गोष्ट आहे. चुलीतला निखारा बाहेर पडला होता आणि तू त्यावर उभी होतीस. मला कातडी जळल्याचा वास आला. मी ओरडलो तेव्हा तू खाली बघितलंस, पाय उचललास, आणि कोरफडीचं पान आणायला निघालीस. मला काय दिसायला हवं होतं? दिसली ती संधी. मी म्हणालो, आता होऊ दे तुझ्या कोरफडीची परीक्षा. मी कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केला. सात दिवस गेले, जखम तशीच. पंधरा गेले. ती भरायला दीड महिना लागला. मी रोज विचारत होतो आणि रोज जिंकत होतो. शेवटी म्हणालो, हरलीस ना?

"होय रे बाबू," तू म्हणालीस, "हरलंय."

चौदा वर्षांत तू एवढ्यात वाद सोडून दिलास, अशी ती एकच वेळ. मला तेव्हासुद्धा विचित्र वाटलं नाही. इतकं सोपं जिंकल्यावर माणसाने थोडं तरी घाबरायला हवं.

या वैशाखात तू आमसुलं घालत होतीस. मागल्या दारी रातांब्यांचा ढीग, तुझे हात मनगटापर्यंत लाल, लुगड्याला लाल, मडक्याला लाल. सकाळी शेजारणींबरोबर किनाऱ्याच्या खडपावर कालवं काढायला जाऊन आली होतीस आणि आल्या आल्या रातांबे फोडायला बसलीस. मी सुट्टीतला मास्तर, घरात फेऱ्या मारणारा. सारवलेल्या जमिनीवर चुलीपासून मागल्या दारापर्यंत पायाचे लाल ठसे होते. मी म्हणालो, रातांब्याचे पाय घेऊन घरभर हिंडू नकोस. तू म्हणालीस, "पुसतंय." फडकं ओलं करून वाकून पुसायला लागलीस. मागे मागे जात पुसत होतीस, आणि पुसलेल्या जागेच्या मागे नवा ठसा उठत होता. मला हसू आलं. तूही वळून बघितलंस आणि हसलीस.

सगळे ठसे डाव्या पायाचे होते.

हे मला तेव्हा दिसलं होतं की आता आठवताना दिसतं, ते सांगता येत नाही. दुपारी जेवून पडलो की मी डोळे मिटतो आणि ते मोजतो. एकच पाय. रातांब्यात माणूस एका पायाने उभं राहत नाही. कोणत्याही सहावीतल्या मुलाला हे गणित सुटलं असतं. तू तुझं स्वतःचं रक्त पुसत होतीस, तुला ठाऊक नव्हतं, आणि मी तुला नीट पुस म्हणून सांगत होतो. मागल्या दाराच्या कोपऱ्यातला तो पुसायचा राहिलाय, असंही म्हणालो होतो.

तो कोपऱ्यातला ठसा अजून आहे. मी त्यावर सारवू दिलं नाही. शेजारीण दोनदा शेणाची पाटी घेऊन आली आणि दोनदा मी तिला परत पाठवली. तिला वाटतं, मास्तर दुःखाने भ्रमिष्ट झाले. तो ठसा रक्ताचा आहे की आमसुलाचा, मला खरंच ठरवता येत नाही. वाळल्यावर दोन्ही सारखेच दिसतात.

आठव्या दिवशी धनुर्वाताने तुझा जबडा धरला. इस्पितळात डॉक्टराने टाचेजवळून कालवाच्या शिंपल्याचा नखाएवढा तुकडा काढला आणि मला विचारलं, इतके दिवस ह्या चालत कशा होत्या? मी म्हणालो, तिला सोसायची सवय आहे. केवढ्या अभिमानाने म्हणालो. नर्स पट्टी सोडायला आली की तू हाताने मला खूण करायचीस, बाहेर जा. बोलता येत नव्हतं, पण हात हलत होता. मी बाहेर जायचो. तीन दिवस मी आज्ञाधारकपणे बाहेर जात राहिलो, आणि चौथ्या दिवशी मला आत बोलावलं.

तर तो प्रश्न. मी स्वतःला बरं वाटेल असं उत्तर अनेकदा रचून पाहिलं. तू सांगितलं असतंस, मी दोन दिवस गप्प राहिलो असतो, मग पुस्तकं उघडली असती, नवी पुस्तकं मागवली असती, त्यांत औषध सापडलं असतं, आणि मीच तुला चिंचेखाली घेऊन गेलो असतो. असं झालंही असतं. पण अर्ज लिहिणारा तो माणूस मला चांगला आठवतो. त्याचं अक्षर खरंच चांगलं होतं. त्याने तुझ्यासाठी वेगळी ताटली ठेवली असती आणि तिला काहीतरी सुरेख नाव दिलं असतं. तू त्याला ती संधी दिली नाहीस. माझी नोकरी वाचवलीस, माझी अब्रू वाचवलीस, आणि सगळ्यात मोठं म्हणजे मला माझ्याविषयी जे वाटत होतं ते वाचवलंस. दर चैत्रात माझी पाठ तपासून, मला काही झालं नाही म्हणून घावणे घातलेस. आणि मी त्या घावण्यांत मीठ कमी आहे म्हणालो होतो, एका वर्षी.

तू गेलीस हे अजून सगळ्यांना ठाऊक नाही. लांबच्या वाडीवरून बायका येतात, मागल्या दारी 'आक्का' म्हणून हाक मारतात. मी बाहेर येतो. मी सांगितलं की त्या रडतात, आणि थोड्या वेळाने हात पुढे करून विचारतात, पान मिळेल काय? म्हणून मी कापायला लागलो. पहिल्या दिवशी चीक गळू दिला नाही आणि एका बाईच्या हाताला खाज सुटली. तिने मला मास्तर असूनही शिव्या दिल्या. बरं वाटलं. आता करवंटीत उभं ठेवतो. आडाळ्यावर काटे काढताना दोनदा बोट कापलं. दोन्ही वेळा दुखलं. दुखल्यावर मी जरा वेळ तसाच बसून राहिलो.

परवा दुपारी एकजण आला. कोण ते लिहीत नाही. सभेत होता, आणि बसायला खुर्ची मिळालेल्यांपैकी होता, एवढंच. इकडचं तिकडचं बोलला, तुझी आठवण काढली, आणि मग बाही वर करून कोपराजवळचा एक डाग दाखवला. घामोळं असेल, म्हणाला. मी त्याला पाटावर बसवलं आणि समुद्राकडे तोंड करायला सांगितलं. मडक्याला चिकटवलेली चकती काढली. माझ्याच बोटांना ती झोंबण्याइतकी गार लागली. ती त्या डागावर ठेवली, दाबून धरली, आणि तुझ्याच शब्दांत विचारलं, "थंड लागता?"

तो समुद्राकडे बघत होता. थोडा वेळ वाट बघून म्हणाला, "अजून लावूक नाय मा तुम्ही?"

मी चकती तशीच धरून ठेवली. मला तुझा हात आठवला, सुलूच्या खांद्यावरचा. तो तेव्हा हलला नव्हता. माझा हलत होता, पण त्याच्या बाजूने त्याला ते कळायचं कारण नव्हतं. मग मी म्हणालो, येत्या दुसऱ्या मंगळवारी मी आंबोलीच्या वाटेवरच्या देवीला जातोय, आक्काचा नवस अर्धा राहिलाय. एकट्याने जायचं जिवावर येतं. तुम्ही सोबत याल तर बरं.

तो वळून माझ्याकडे बघत राहिला. "मास्तर, तुम्ही? देवीक?"

"होय," मी म्हणालो. "हसणारे हसांदेत."

उद्यापर्यंत हे गावभर होईल. न्हाव्याकडे माझ्यावर बोललं जाईल, शाळेच्या खोलीत मला न फोडलेल्या नारळाची गोष्ट परत ऐकवली जाईल. नारळ मी आणून ठेवला आहे.

तो उठायला लागला. मी म्हणालो, जरा थांबा, पाय बघू. कित्याक, म्हणाला. मी सांगितलं, आक्काचा नेम होता. हे खोटं होतं. तू कोणाचे पाय बघत नव्हतीस; तुझेच बघायला कोणी नव्हतं. त्याने संकोचत पाय पुढे केले. मी खाली जमिनीवर बसलो, कोपऱ्यातल्या त्या ठशाच्या बाजूला, आणि एकेक पाय मांडीवर घेतला. उजेडाकडे धरून दोन्ही तळवे पाहिले, बोटांच्या मधल्या जागा पाहिल्या. डाव्या टाचेला ओली वाळू चिकटली होती, आणि तिच्याखाली काही आहे का ते दिसत नव्हतं. मी ती धोतराच्या सोग्याने पुसली.